सर्व्हिसिंगहून आलेली गाडी तिसऱ्या दिवशी घाटात बसली

प्रश्न: नमस्कार काका, मी पुण्यात सिंहगड रोडला राहते. आमची डिझेल हॅचबॅक आहे, ८ वर्षं झाली, ८२ हजार किलोमीटर झालंय, सगळं सर्व्हिसिंग अधिकृत वर्कशॉपलाच करतो आणि बिलं फाइलला लावलेली आहेत. गेल्या बुधवारी गाडी सर्व्हिसिंगला दिली, ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर मिळून बिल झालं ६,८४० रुपये. शनिवारी सकाळी मुलांना घेऊन साताऱ्याला माहेरी निघालो तर खंबाटकी घाट चढताना तो लाल रंगाचा ऑइलच्या कॅनचा दिवा आधी एका वळणावर लुकलुकला, मग लागूनच राहिला. मागे ट्रक होते, बाजूला घ्यायला जागा नव्हती, मिस्टर म्हणाले वर जाऊन थांबू, आणि घाट संपता संपता इंजिनातून टकटक आवाज यायला लागला आणि सुरूरच्या अलीकडे गाडी जी बंद पडली ती पडलीच. टोचन लावून त्याच वर्कशॉपला आणली, टोचनचेच ७ हजार गेले. सोमवारी त्यांचा फोन आला की इंजिन सीझ म्हणजे आतून जाम झालंय, हाफ इंजिन म्हणजे इंजिनाचा खालचा अर्धा भाग बदलावा लागेल, साधारण १ लाख ६५ हजार होतील. वर म्हणतात, मॅडम लाइट लागल्यावर गाडी चालवली म्हणून हे झालं, आमच्या कामाचा काही संबंध नाही, इंजिन खोलायला अप्रूव्हल पाठवा. काका खरंच आमची चूक आहे का? एवढे पैसे आत्ता कुठून आणायचे? दोन रात्री झोप नाहीये.

उत्तर: ताई, आधी एक काम करा, मग बाकीचं वाचा. अप्रूव्हल पाठवू नका. पाठवलं असेल तर आत्ताच्या आत्ता "थांबा" असा मेसेज टाका. मी ३० वर्षं वर्कशॉपात काढली आहेत आणि अशा भांडणात गाडीवाला कुठे हरतो ते फार जवळून बघितलंय, तो हरतो इंजिन खोलायच्या दिवशी, कारण खोलताना तो तिथे नसतो. एकदा का ऑइल काढून ट्रेमध्ये ओतलं, ड्रेन बोल्ट (जुनं ऑइल काढायचा खालचा बोल्ट) धुऊन डब्यात टाकला आणि फिल्टर भंगारात गेला की मग काय झालं होतं ते सांगायला फक्त वर्कशॉपचा शब्द उरतो. तेव्हा वर्कशॉप मॅनेजरला ईमेल करा आणि तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपला पण टाका. मजकूर साधा ठेवा: "माझी गाडी नंबर अमुक, अमुक तारखेला तुमच्याकडे सर्व्हिसिंग झाली, जॉब कार्ड नंबर अमुक. तिसऱ्या दिवशी इंजिन बंद पडलं. माझ्या हजेरीशिवाय इंजिन खोलू नये. ड्रेन बोल्ट, त्याचं वायसर, ऑइल फिल्टर आणि आत उरलेलं ऑइल आहे तसंच ठेवावं. एकत्र पाहणीसाठी दिवस आणि वेळ कळवावी." बास. (जॉब कार्ड म्हणजे गाडी देताना कामं लिहिलेला वर्कशॉपचा कागद, वायसर म्हणजे बोल्टखालची चकती.) आरोप नको, धमकी नको, रागाचं एक वाक्यही नको. याचीच कॉपी गाडीच्या कंपनीच्या कस्टमर केअरला पाठवा आणि तक्रार नंबर घ्या, म्हणजे कंपनीचा एरियाचा सर्व्हिसचा माणूस त्यात येतो आणि मग वर्कशॉपला फोनवर बोलून विषय मिटवता येत नाही.

आता इंजिनात काय झालं असेल ते सांगतो, कारण ते कळलं तर पाहणीच्या दिवशी तुम्ही नुसत्या उभ्या राहणार नाही. तो लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचं प्रेशर अगदी खाली गेलं की तो लागतो. इंजिनाच्या पोटात क्रँक म्हणजे मुख्य दांडी फिरत असते, २५०० आरपीएमला म्हणजे सेकंदाला चाळिसाच्या वर फेरे, आणि ती ज्या शेल बेअरिंगवर फिरते त्या दोघांच्या मध्ये फक्त ऑइलचा एक पातळ थर असतो, धातूला धातू लागूच द्यायचा नाही हे त्या थराचं काम. प्रेशर गेलं की थर गेला. मग बेअरिंग घासतं, तापतं, मऊ धातू असल्यामुळे वितळायला लागतं, पिस्टन आणि क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडमध्ये ढिलाई येते आणि तुम्हाला जो टकटक आवाज आला तो त्याचाच. त्यानंतर मिनिटांचा खेळ असतो.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट माझ्या मनात अडकलीय. दिवा सपाट रस्त्यावर नाही लागला, घाटात लागला, आणि आधी वळणावर लुकलुकला. इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये ऑइल पुरेसं असेल तर चढाने फरक पडत नाही, पण ते अर्ध्याच्या खाली गेलेलं असेल तर चढावर आणि वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढायला लागतो. म्हणजे माझा अंदाज असा की ऑइल शनिवारी एकदम गेलेलं नसावं, बुधवारपासून थोडं थोडं जात असावं. हा अंदाज आहे, निकाल नाही. पण तो तपासायचा एक सोपा मार्ग तुमच्या बिल्डिंगमध्येच आहे, आज संध्याकाळी खाली जाऊन तुमच्या पार्किंगच्या फरशीवर बघा, इंजिन जिथे येतं तिथे काळपट-तपकिरी डाग आहे का. असेल तर पुसू देऊ नका, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढा, सोसायटीचं सीसीटीव्ही असेल तर बुधवार ते शनिवारचं रेकॉर्डिंग आजच मागून घ्या कारण काही दिवसांनी जुन्यावर नवीन रेकॉर्ड होतं.

पाहणीच्या दिवशी मिस्टरांना घेऊन जा आणि शक्यतो एखादा जाणकार माणूस सोबत न्या, विमा कंपन्यांचं काम करणारा परवानाधारक सर्व्हेयर किंवा सरकारी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शिकवणारे सर, थोडी फी घेतील पण लेखी रिपोर्ट देतील. गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि काहीही हात लावायच्या आधी खालून व्हिडिओ करा. सगळ्यात आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी. ती पांढऱ्या कागदावर पुसा, कागदावर काहीच उमटलं नाही तर तोच कागद तारीख टाकून जपून ठेवा. मग ड्रेन बोल्ट बघा. तो ढिला आहे का, त्याच्या कडेने ओला मातकट थर आहे का, आणि खोलल्यावर त्याचं वायसर बघा, तांब्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं असतं, ते एकदा दाबलं गेलं की चपटं होतं म्हणून दर वेळी नवीन टाकायचं असतं, आणि घाईत जुनंच लावतात. दोन-तीनदा चेपलेलं वायसर हाताला लगेच कळतं, कडा दबलेल्या आणि एका बाजूला धार आलेली असते. बिलात वायसरचे पैसे लावलेत का तेही बघून ठेवा.

मग फिल्टर. डब्यासारखा फिरवून बसवायचा फिल्टर असेल तर कधी कधी जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाच्या तोंडाला चिकटून राहते आणि तिच्यावरच नवीन फिल्टर बसवला जातो. दोन रिंगा एकावर एक. दोन दिवस काही होत नाही, मग हायवेला प्रेशर वाढलं की रिंग सटकते आणि ऑइल बाहेर. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी चार-पाच वेळा बघितलंय आणि प्रत्येक वेळी बसवणाऱ्या पोराला घाई होती. तुमच्या गाडीत टोपण उघडून आत घालायचा कागदी फिल्टर असेल तर टोपणाची रबरी रिंग बघा, चिरलेली किंवा खाचेतून बाहेर आलेली दिसते. आणि गळती हायवेला झाली असेल तर गाडीच्या पोटाला मागपर्यंत ऑइलचे शिंतोडे उडालेले असतात, कधी डिकीच्या दारावर सुद्धा.

उरलेलं ऑइल काढताना स्वच्छ काचेच्या दोन बाटल्या भरून घ्या, एक त्यांच्याकडे एक तुमच्याकडे, दोन्हींना सील आणि दोघांच्या सह्या. उन्हात धरलं तर बेअरिंगची बारीक चमक तरंगताना दिसेल, चंदेरी, कधी तांबूस. ती बघून वाईट वाटेल पण तो पुरावा आहे.

आता दुसरी बाजू पण ऐकून घ्या, कारण सर्व्हिसिंगनंतर झालं म्हणजे सर्व्हिसिंगमुळेच झालं असं होत नाही आणि मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. डिपस्टिकवर ऑइल व्यवस्थित निघालं आणि चेंबरच्या जाळीत जुना घट्ट गाळ अडकलेला सापडला, किंवा ऑइल पंपच गेलेला निघाला, तर बुधवारच्या कामावर बोट ठेवणं अवघड आहे. आणि चेंबरला दगडाचा ताजा ठोका बसलेला दिसला तर तो अपघात, मग वर्कशॉपशी भांडू नका, विमा कंपनीला तातडीने कळवा. तिथेही एक अडचण असते, स्वतःच्या गाडीचं नुकसान भरणाऱ्या साध्या पॉलिसीत चेंबरचे पैसे मिळतात पण त्यानंतर गाडी चालवून इंजिन गेलं ते "परिणामी नुकसान" म्हणून नाकारतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचा वेगळा कव्हर लागतो, तुमच्या पॉलिसीत तो आहे का बघा. ठोका वगैरे काही नसून नुसतंच इंजिन गेलं असेल तर यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाही.

राहिला लाल दिव्याचा प्रश्न. तुम्ही विचारलंत चूक आहे का. ताई, तो दिवा लागल्यावर गाडी बंद करायची असते, शंभर मीटर सुद्धा चालवायची नसते, हे खरं आहे आणि समोरचा वकील हेच बोलणार. पण घाटात मागे ट्रक, गाडीत पोरं, थांबायला जागा नाही, हे पण तितकंच खरं आहे, आणि दिवा का लागला याचं उत्तर तुमच्या चालवण्यात नाहीये, ऑइल कुठे गेलं यात आहे. म्हणून काहीही लपवू नका. किती अंतर चाललात, किती मिनिटं, जसंच्या तसं आजच लिहून काढा, आठवण ताजी आहे तोवर. खेड शिवापूर टोलचा फास्टॅगचा मेसेज मोबाइलमध्ये असेल, त्यात वेळ आहे. टोचनवाल्याला केलेल्या पहिल्या कॉलची वेळ आहे. मधला हिशोब मांडला की दिव्यानंतर तासभर गाडी हाणली असं कोणी म्हणू शकणार नाही. थोडी जबाबदारी तुमच्यावर येईलही, भरपाई त्या प्रमाणात कमी होऊ शकते, पण त्यामुळे वर्कशॉप अख्खं सुटत नाही.

पाहणीत बोल्ट किंवा फिल्टरचा दोष निघाला तर बहुतेक वर्कशॉप तिथेच बोलणी करायला येतात. काय मागायचं? इंजिन त्यांच्या खर्चाने, नवीन पार्टवर लेखी वॉरंटी, टोचनचे ७ हजार, आणि गाडी मिळेपर्यंत दुसरी गाडी किंवा प्रवासखर्च. ते म्हणतील पार्ट तुमचे, मजुरी आमची. दोष स्पष्ट असेल तर एवढ्यावर मान्य करू नका. ८२ हजार झालेल्या इंजिनाच्या जागी नवीन हाफ इंजिन येतंय तेव्हा पार्टचा थोडा भार तुम्ही उचला असं म्हणाले तर ते अगदीच अवास्तव नाही, तिथे घासाघीस करा. जे ठरेल ते लेटरहेडवर सही-शिक्क्याने घ्या आणि "माझी काही तक्रार उरलेली नाही" असल्या कागदावर गाडी पाचशे-हजार किलोमीटर चालेपर्यंत सही करू नका.

नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार टाका, फुकट आहे आणि बऱ्याच कंपन्या तिथे उत्तर देतात. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, घटनेपासून २ वर्षांच्या आत करायची, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते, वकील लावायची सक्ती नाही. फी तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरते, ५ लाखांपर्यंत शून्य, आणि तुमचा मोबदला तर ६,८४० रुपये आहे. समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. कायद्यात निकालासाठी ३ महिने आणि तपासणी लागली तर ५ महिने असं लिहिलंय, प्रत्यक्षात जास्त लागतात हे धरून चाला. आणि सेवेत कसूर झाली हे सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदाराची, हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट सांगितलंय, म्हणून मी बोल्ट, वायसर आणि लेखी रिपोर्टच्या मागे एवढा लागलोय. बिलाच्या मागे बारीक अक्षरात "नुकसानीस वर्कशॉप जबाबदार नाही" छापलेलं असेल, ते वाचून खचू नका, हलगर्जीपणा दिसून आला तर त्या छापील ओळीवर विषय संपत नाही.

प्रश्न: सर, मी अमरावतीचा. घराजवळच्या गॅरेजवाल्या भाऊंकडे वॉटर पंप बदलला, कूलंट नवीन भरलं, ४,२०० दिले गूगल पे वर, बिल काही नाही. दुसऱ्याच दिवशी नागपूरला जाताना हीटचा काटा वर गेला, मी लगेच बंद केली पण हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं सील) उडालं म्हणतात, २५ हजारांचं काम. भाऊंना आम्ही १२ वर्षांपासून ओळखतो, भांडायचं मन होत नाही. बिल नाही तर हक्क पण नाही का?

उत्तर: हक्क आहे. गूगल पे ची एंट्री, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, पंप ज्या दुकानातून आणला तिथलं बिल, एवढ्यावर काम झालं हे दाखवता येतं, ते मेसेज डिलीट करू नका. पण तुमच्या पत्रावरून वाटतं तुम्हाला आयोगात जायचं नाहीये आणि १२ वर्षांची ओळख असेल तर मी पण आधी बसून बोला असंच म्हणेन.

पंप बदलून दुसऱ्या दिवशी हीट झाली म्हणजे पहिला संशय आत हवा अडकण्याचा. कूलंट नुसतं ओतून टोपण लावलं तर पाइपात हवेचा फुगा राहतो, तिथे पाणी फिरत नाही आणि हेड तापतं. हवा काढायला इंजिन चालू ठेवून, हीटर फुल गरमवर लावून, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहावं लागतं, पाऊण तास जातो, आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं असलं की हेच राहून जातं. दुसरा संशय ढिली क्लिप, तिसरा पंपाचं गॅस्केट. होज पाइपच्या जोडाशी कूलंटचा वाळलेला रंगीत डाग दिसतो का बघा.

गॅस्केट खरंच उडालंय का ते आधी पक्कं करा. ऑइलचं झाकण उघडून बघा, आत दुधाळ चहासारखा फेस असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. सायलेन्सरमधून न थांबता पांढरा गोडसर वासाचा धूर, चालू इंजिनात कूलंटच्या टाकीत बुडबुडे, ही बाकीची लक्षणं. टाकीचं झाकण गरम असताना उघडू नका, हात आणि चेहरा दोन्ही भाजतात. हेड उतरवलं की लेथवाल्याकडे तुम्ही स्वतः जा, तो सरळ पट्टी ठेवून खाली पातळ पाती सरकवतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाक सुद्धा बहुतेक गाड्यांत चालत नाही. हेड वाकलेलं नसेल तर फेसिंगचा, म्हणजे ते घासून सपाट करण्याचा खर्च कशाला. भाऊंना म्हणा, मजुरी सगळी तुमची, पार्ट अर्धे-अर्धे, आणि या वेळी साध्या कागदावर का होईना पण काय बदललं ते तारखेसकट लिहून द्या. तुम्ही काटा वर जाताच गाडी बंद केलीत म्हणून २५ हजारांवर निभावलं, हे त्यांनाही ठाऊक असेल.

प्रश्न: वर्कशॉपशी वाद झाल्यामुळे इंजिनचं काम दुसरीकडे करायचं ठरवलं, तर ते रोजचे ४०० रुपये पार्किंग लावून गाडी अडवून बसलेत. असं करता येतं का?

उत्तर: केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घेता येते, भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० मध्ये ते आहे. पण ते केलेल्या कामापुरतंच. काम केलंच नसेल तर अडवायला आधार नाही, आणि तुम्ही सही केलेल्या जॉब कार्डवर पार्किंगचा दर नसेल तर तो मागाहून लावता येत नाही. तपासणीचे ठरलेले पैसे मात्र द्या. तरीही सोडत नसतील आणि गाडीची गरज असेल तर पैसे ऑनलाइन भरा आणि त्याच मिनिटाला ईमेल करा की "हक्क राखून, गाडी सोडवण्यासाठी नाइलाजाने भरत आहे". रोख देऊ नका. गाडी उचलताना सुटे केलेले सगळे पार्ट मोजून, यादीवर सही घेऊन ताब्यात घ्या, किलोमीटरचा आकडा आणि डिझेलच्या काट्याचा फोटो काढा.

आणि सिंहगड रोडच्या ताई, पाहणी झाली की त्या वायसरचा जवळून फोटो काढून मला पाठवा, दोन्ही बाजूंनी. बघून लगेच कळवतो.